उभ्यानं दिलेला शब्द

साहेबांचा फोन आला की भाऊ उठून उभे राहत.

साहेब समोर आले की कोणीही उठतं, त्यात नवल नाही. भाऊ फोनवरसुद्धा उठत. डाव्या हातात फोन, उजव्या हाताने शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावायची, आणि मग "जी साहेब". साहेब पलीकडे आपल्या घरी बनियनवर लोळत असतील, पण इकडे आमचे भाऊ ताठ. एकदा चहाची बशी हातात असताना फोन वाजला. हे उठले आणि बशीतला सगळा चहा माझ्या टेबलावरच्या टपालावर.

"भाऊ, साहेब फोनमध्ये होते. तुम्ही बसले की उभे, त्यांना काय दिसते?" मी चिडून म्हणाले.

"आवाजात समजते मॅडम," आपल्या रुमालाने टपाल टिपत ते म्हणाले. "बसलेल्या मानसाचा आवाज बसका येते."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. तुम्हीही त्याला हसला असाल. आम्ही तर पैजा लावायचो की साहेबांची रिकामी गाडी धुवायला निघाली तर भाऊ उठतात का. ते उठत. विचारलं तर म्हणत, "गाडी तं वळखीची हाय न."

मी त्या सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होते आणि भाऊ शिपाई होते. राहायलाही आम्ही नागपुरातल्या एकाच लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत. त्यांच्या परसाची मागची भिंत तीच माझ्या अंगणाची भिंत, छातीएवढी उंच. तिच्यावरून वाट्या जायच्या, वर्तमानपत्र जायचं, भांडणंही जायची. दर रविवारी आम्ही एकाच विहारात जात असू आणि माझ्या रागाचं मूळ तिथेच होतं. विहारात भाऊ सतरंजीवर ऐसपैस मांडी घालून बसत आणि खणखणीत आवाजात वंदना म्हणत. मोठा डॉक्टर येवो की नगरसेवक, ते जागचे हलत नसत. उलट "सरका न गा थोडे" म्हणून त्यालाच बाजूला करत. आणि सोमवारी हाच माणूस रिकाम्या गाडीसाठी उभा! मला खरोखर लाज वाटायची. एकदा मी सुनावलंच की आपल्या आईबापांनी दुसऱ्यांच्या दारात उभं राहणं सोडलं म्हणून आपण खुर्चीवर बसलो, आणि तुम्ही हे काय मांडलं आहे?

भाऊ अजिबात रागावले नाहीत. "विहारात साहेब कुठं रायते मॅडम? तिथं सारे आपलेच," एवढंच म्हणाले. मग जरा वेळाने माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "माया बाप उभा राहून राहूनच मेला. मले सवय हाय."

त्यांचे वडील गिरणीत बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं. आतला कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं. भाऊ लहानपणी डबा घेऊन जात तेव्हा बाप आत आहे की अजून फाटकाशीच उभा आहे, हे लांबूनच पाहत. "उभं राहनाऱ्यालेच बदली भेटे. जो बिडी प्याले गेला, त्याचा नंबर गेला," असं ते सांगत. वडील कायम व्हायच्या आधी गिरणीच बंद पडली. पण भाऊंनी त्यातून धडा काय घेतला, तर गिरणीने दगा दिला, उभं राहण्याने नाही.

भाऊ स्वतः कित्येक वर्षं रोजंदारीवर होते. हिवाळी अधिवेशन आलं की मुंबईचे साहेब नागपुरात उतरत आणि आमच्या ऑफिसात नुसती धांदल उडे. त्या दिवसांत भाऊ एका साहेबांच्या खोलीबाहेर सकाळपासून जे उभे राहायचे ते खोलीला कुलूप लागेपर्यंत. बाकीचे रोजंदार पोहे-तर्री खायला पळत, उन्हात हात शेकत. त्यातले दोघे कंटाळून सोडूनही गेले, एकाने पंक्चरचं दुकान टाकलं. भाऊ तिथेच. पुढे भाऊ कायम झाले. त्यांची ठाम समजूत की साहेबांनी आपल्याला उभं पाहिलं म्हणून. खरं सांगायचं तर त्या वर्षी सगळ्याच जुन्या रोजंदारांना कायम केलं होतं, साहेबांची नुसती सही होती. आदेश माझ्याच टेबलावरून गेला. मी भाऊंना ते सांगितलंही. ते हसून म्हणाले, "सगळ्यायले केलं, पन जे होते त्यायले. गेले त्यायले केलं का?"

या हिशेबापुढे त्यांचा उपदेशही कोणाला खोडता येत नसे. लेआउटमधला कोणी नोकरीला वैतागला, कोणाची सून कॉन्ट्रॅक्टवर नर्स लागली, कोणाचा जावई दुकान बदलायचं म्हणाला, की भाऊ भिंतीवरून, फाटकावरून, स्कूटर थांबवून सांगत, "धरून राहजो. सोडजो नको. साहेब पाहून रायला असते."

सुगत त्यांचा एकुलता एक मुलगा. शांत, हुशार, बोलायला लागला की आधी घसा खाकरणारा. इथे इंजिनिअर झाला आणि पुढे शिकायला कॅनडाला गेला. त्याला विमानतळावर सोडून आलो त्या दिवशी भाऊंनी घरी येऊन पहिलं काय केलं, तर त्याच्या खोलीतला कूलर पुसून त्यावर चादर घातली. "आला का लागनच," म्हणाले.

तिथलं शिक्षण संपलं आणि सुगतला तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळाला. त्या संध्याकाळी भाऊ संत्रा बर्फीचे डबे घेऊन घरोघरी फिरले. मी विचारलं, "कायमचं झालं का त्याचं?"

"तसंच समजा. प्रोबेशन लागलं. तीन वर्षं झाले का कन्फर्म."

मी बर्फी तोंडात टाकली. पण मी रविवारी फोनवर सुगतला विचारलं आणि त्याने नीट समजावून सांगितलं. मावशी, हा परवाना एकदाच मिळतो. तो वाढवून मिळत नाही. एवढ्या काळात चांगल्या दर्जाची नोकरी करायची, तो अनुभव दाखवायचा, त्याचे गुण धरतात, आणि मग कायमचं राहायची परवानगी मिळते. मदतनिसाच्या कामाचा अनुभव यात धरत नाहीत. आपोआप काहीच होत नाही. भाऊ शेजारीच बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मान डोलावली. "म्हनजे प्रोबेशनच."

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला कामाचा काळ संपला की माणूस पक्का होतो, एवढंच माहीत. काळ संपला की माणसाला परत पाठवतात, हे कुठे पाहिलेलं असणार?

सुगतला नोकरी मिळाली ती घरं गरम ठेवायची यंत्रं बसवणाऱ्या एका लहान कंपनीत. त्यावर लेआउटमध्ये महिनाभर चेष्टा चालली. नागपूरच्या उन्हात जन्माला आलेला पोरगा लोकांची घरं तापवून राहिला म्हणे! मालक आपल्याच देशातला, सुगतपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा. त्याने सुगतला कागदावर मदतनीस म्हणून घेतलं आणि सांगितलं, पुढच्या थंडीत सुपरवायझर करतो, मग तुझा अर्ज मजबूत होईल. पुढची थंडी आली आणि गेली. मालक म्हणाला, यंदा जमलं नाही, पुढच्या थंडीत नक्की.

तेवढ्यात सुगतच्या एका मित्राने दुसऱ्या गावातली नोकरी सुचवली. मोठी कंपनी, पद चांगलं, अनुभव धरला जाईल असं. थंडी मात्र आणखी कडक आणि गाव आडबाजूचं. सुगतने वडिलांना फोन केला. वडील काय सांगणार, हे आता तुम्हीही सांगू शकाल.

"धरून राहजो बापू. नव्या जागेवर पुन्हा पहिल्यापासून. इथं साहेबानं तुले पाहिलेलं हाय."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण भाऊंना वाटलं, पोराच्या साहेबाशी आपण स्वतः बोलावं. साहेबाला कळायला पाहिजे की पोराच्या मागे माणसं आहेत. सुगत नको नको म्हणत होता. शेवटी त्याने कबूल केलं.

आपल्याकडे संध्याकाळ तेव्हा तिकडे सकाळ. भाऊंनी मला बोलावलं, कारण चित्रासकट फोन लावायचा तर घरात कोणाला जमत नव्हतं. मी जाऊन पाहते तर इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला, गुंडी गळ्यापर्यंत. वहिनींनीही नवी साडी नेसली होती. मी साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि समोर खुर्ची ठेवली. फोन लागला. एका गाडीत बसलेला, टोपी घातलेला तरुण दिसला, त्याच्या मागे खिडकीतून सुगतचा अर्धा चेहरा. भाऊ उठले. आता फोनमध्ये त्यांचं पोट आणि पट्टा तेवढा दिसू लागला. मी खुणेने बसा म्हणते आहे, वहिनी शर्ट ओढत आहेत, पण छे. शेवटी मीच फोन उचलून हातात उंच धरला.

"नमस्ते अंकल, बैठिए ना," तो तरुण म्हणाला.

"नहीं साहब, ठीक है. बच्चा आपके भरोसे है."

"अच्छा लड़का है आपका."

"आपको छोड़ के नहीं जाएगा साहब. मैं जबान देता हूँ."

मालक खूश झाला. हसला, बघतो म्हणाला, सुगतचं काम मी करतोच म्हणाला. माझा हात भरून आला होता, तरी मला त्या खिडकीतला सुगत दिसत होता. त्याने मान खाली घातली होती. आपला बाप एका पोरासमोर हात जोडून उभा आहे, हे त्याने हजारो मैलांवरून पाहिलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. फोन बंद झाल्यावर भाऊ मात्र घाम पुसत खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "साहेब मोठ्या मनाचा हाय. आपल्याले बसा म्हनत होता."

पुढची थंडीही गेली. आधी भाऊ रोज संध्याकाळी भिंतीवरून बातमी देत, मग आठवड्याने देऊ लागले, मग भिंतीशी येईनासे झाले. परवाना संपत आला. मालक म्हणाला, धंदा मंदा आहे. सुगतचे गुण काही पुरेनात. लेआउटमध्ये कोणी विचारलं, "काय भाऊ, झाला का पोरगा कन्फर्म?" तर ते "चालू हाय फाईल" म्हणून स्कूटरला लाथा मारू लागत. ती सुरू होत नसे, आणि विचारणारा तिथेच उभा राही. ज्या घरांत बर्फी दिली होती त्या घरांवरून जायचं टाळून ते मागच्या रस्त्याने फिरून येत. त्यांना ते दिवस फार जड गेले.

एका संध्याकाळी मी अंगणात वाळवण काढत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "मॅडम." मी पाहिलं तर कोणीच नाही. भिंतीवरून वाकले, तर तिला पाठ लावून भाऊ पलीकडे जमिनीवर बसले होते. मला फक्त त्यांचं डोकं दिसलं.

"सुगत वापस येऊन रायला."

मी काहीतरी म्हणाले. येऊ दे, इथे काय नोकऱ्या नाहीत, असलं काहीतरी.

"मी त्याले इचारलं, त्या दुसऱ्या नोकरीवर काहून नाही गेला? मी नाही म्हनलं तरी जाऊन जाचं होतं. तुले तं समजत होतं. तं म्हनते, तुम्ही शब्द देला होता न बाबा."

"रागात म्हणाला का?"

"रागात म्हनला असता तं बरं होतं."

आवाज बसका होता. मी हातातलं वाळवण तसंच धरून उभी राहिले. ते म्हणाले, "मालक त्याले म्हने, तेरे बापने जबान दी है. माया शब्दावर त्यानं पोराले बांधून ठेवलं मॅडम. मी काय केलं हो हे?"

सुगत यायचा होता त्याच्या दोन दिवस आधी भाऊ रामटेकला बहिणीकडे निघून गेले. धान कापायला माणसं मिळत नाहीत म्हणे! जन्मात विळा हातात न धरलेला माणूस धान कापायला गेला. विमानतळावर वहिनी आणि मी गेलो. सुगत बाहेर आला, वहिनींच्या गळ्यात पडला, मला नमस्कार केला, आणि मग आमच्या मागे पाहू लागला. खांबाआड, चहाच्या स्टॉलकडे, गाड्यांकडे.

"बाबा?"

"धानाले गेले बापा," वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेतला.

सुगतने एकदा घसा खाकरला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांची जुनी स्कूटर काढून तो रामटेकला गेला आणि संध्याकाळी त्यांना मागे बसवून घेऊन आला. भाऊंच्या मांडीवर नव्या तांदळाची पिशवी होती आणि बोटाला चिंधी बांधलेली होती. विळा लागला होता. मी त्यांच्या फाटकाशी होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी घेऊन सरळ आत गेले.

काही दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. सुगत दूध आणायला गेला होता.

"त्या साहेबाले फोन लावून द्या मॅडम."

"आता कशाला? झालं ते झालं."

"शब्द वापस घ्याचा हाय."

मी समजावून पाहिलं. पोरगा परत आला, परवाना संपला, त्या शब्दाचा आता काय उपयोग? ते ऐकेनात. दिलेला शब्द परत घेतल्याशिवाय तो पोराच्या गळ्यातून सुटत नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मी पुन्हा साखरेच्या डब्याला फोन टेकवला. आज भाऊ खुर्चीत बसले होते. गळ्याची गुंडी उघडी होती. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की चिंधी बांधलेलं बोट पांढरं पडलं होतं. मालकाचा चेहरा दिसला तसे त्यांचे गुडघे उचलले गेले, पण त्यांनी स्वतःला खाली दाबलं.

"कौन? अच्छा, अच्छा, सुगत के फादर! कैसे हैं अंकल?"

"साहब, मैंने आपको जबान दी थी. वो वापस लेता हूँ."

"कौन सी जबान, अंकल?"

तो तरुण वाईट नव्हता. पोराला एकदा ऐकवून तो खरंच विसरला होता. त्याच्या गाडीत मागे नवा कोणी पोरगा पाइप चढवत होता. "रूल ही ऐसे हैं, क्या करें. लड़का अच्छा था," तो म्हणाला, आणि काम आहे म्हणून फोन बंद केला.

ज्या शब्दापायी पोराने आपली वाट सोडली, तो शब्द पलीकडे कोणी लक्षातसुद्धा ठेवला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मालकावर, भाऊंवर, सगळ्या साहेबलोकांवर. भाऊ बंद फोनकडे पाहत बसले होते. आणि तेवढ्यात दार वाजलं. दुधाची पिशवी हातात घेऊन सुगत दारात उभा होता. त्याने किती ऐकलं, मला माहीत नाही.

भाऊ उठून उभे राहिले. हात गळ्याशी गेला, गुंडी लावली.

सुगतला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, "बसा न बाबा." ते बसले नाहीत. तो चप्पल काढून आत आला, दूध ओट्यावर ठेवलं, पलंगावर टेकला, तेव्हा कुठे भाऊ खुर्चीच्या कडेवर टेकले.

त्या दिवसापासून ते मुलासाठी उठू लागले. सुगतला बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली होती. संध्याकाळी त्याची गाडी वळणावर आली की भाऊ खुर्चीतून उठत, मग तो आत येऊन बसेपर्यंत उभे. त्याने समजावलं, चिडला, एकदा ओरडलाही, "मी काय साहेब आहे का?" भाऊ उभ्यानेच म्हणाले, "नाही बापू." मग सुगतने युक्ती केली. तो गाडी माझ्या दाराशी लावायचा, माझ्या अंगणातून भिंत चढून मागच्या दाराने घरात जायचा, म्हणजे बाबांना कळायच्या आत तो स्वयंपाकघरात बसलेला असे. एवढा मोठा इंजिनिअर रोज डब्याची पिशवी दातात धरून भिंत चढायचा. मी हसायची आणि मग ते हसू टिकत नसे.

अशाच एका संध्याकाळी भिंतीवर बसून तो मला म्हणाला, "मावशी, खरं सांगू? बाबांच्या शब्दाचं निमित्त होतं. मलाच भीती वाटत होती. नवं गाव, नवी माणसं. मला कोणीतरी नको जाऊ म्हणायला हवं होतं."

"मग सांग न त्यांना."

"सांगितलं. त्यांना वाटते मी त्यांची समजूत काढून राहिलो."

भाऊंनी त्यानंतर कोणाला धरून राहा म्हटलेलं मी ऐकलं नाही. लेआउटमध्ये कोणी नोकरीचं विचारलं तर म्हणत, "तुमचं तुम्ही पाहा गा. मले काय समजते." सुगतला पुढे पुण्याहून बोलावणं आलं. जाऊ की नको, हे त्याने मुद्दाम वडिलांना विचारलं. भाऊंनी फोन शोधायचं निमित्त केलं आणि खोलीबाहेर गेले. शेवटी तो गेला नाही. यातही भाऊंना आपलीच चूक दिसली.

गेल्या उन्हाळ्यात भाऊंचं हृदय थकलं. दवाखान्यात त्यांना नळ्या लावलेल्या, बोलताना धाप लागे. त्या दुपारी वहिनी आणि मी पलंगाशी होतो. औषधं घेऊन सुगत वॉर्डच्या दारात आला. भाऊंना दूरचं नीट दिसत नव्हतं, पण त्याचं खाकरणं त्यांनी ओळखलं. त्यांनी कोपर टेकून अंग उचलायला सुरुवात केली. एक हात गळ्याशी चाचपडत गेला. दवाखान्याच्या त्या झग्याला पुढे गुंडीच नव्हती, ती शोधत बोटं तशीच फिरत राहिली. सुगत दारातच थांबला. त्याला पुढेही येववेना आणि मागेही जाववेना.

नर्स धावत आली, त्यांचे खांदे धरून खाली दाबत म्हणाली, "आजोबा, पडून राहा न. डॉक्टर नाही आले. तुमचा मुलगा आला."

भाऊ म्हणाले, "म्हनूनच तं, सिस्टर."